जावक क्रमांक नसलेलं पत्र

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी शंभर पत्त्यांचा गठ्ठा जावकसाहेबांच्या हातात ठेवला, तेव्हा त्यांच्या मनात एवढंच होतं की माणूस निवृत्त आहे, अक्षर मोत्यासारखं आहे आणि हल्ली रोज येऊन मासिकांची कपाटं विनाकारण आवरत बसतो, तर त्याच्या हाताला काम मिळेल. बाईंच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पुढे जे झालं त्याचा दोष त्यांना देणं म्हणजे काडेपेटी विकणाऱ्याला आगीचा जाब विचारण्यासारखं आहे.

काम तसं साधं होतं. निवडणूक महिन्यावर आली होती, आणि गावात ती अजूनही कागदी मतपत्रिकेवरच होत असे. नव्याने मतदार झालेल्या मुलामुलींना पत्रं लिहायची आणि मत द्यायला जा असं सांगायचं. कोणाला द्या ते सांगायचं नाही. बाईंनी प्रत्येक स्वयंसेवकाला एक सूचनापत्रक दिलं होतं, त्यात नियम तीन. पत्र हातानेच लिहावं. पक्ष, उमेदवार, चिन्ह यांचा वारासुद्धा पत्राला लागू देऊ नये. आणि तुम्ही स्वतः मत का देता, ते एका ओळीत लिहावं. पहिले दोन नियम साहेबांना फार आवडले. तिसरा त्यांनी वाचून न वाचल्यासारखा केला. नको असलेल्या परिपत्रकाशी कसं वागायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

जावकसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं त्यांनी जावक विभाग सांभाळला. म्हणजे कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, तारखेचा शिक्का मारायचा, नोंदवहीत नोंद करायची आणि कागद रवाना करायचा. बाहेरून येणारे कागद पाहायला आवक विभाग वेगळा, जिन्यापलीकडे होता. तिकडे साहेब चहालासुद्धा गेले नाहीत. निवृत्त होऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत त्यांनी घरातलं चपलांचं कपाट तीनदा लावलं, बादली भरायला नळ किती मिनिटं घेतो याची सरासरी काढली आणि भाजी चिरणाऱ्या बायकोच्या मागे उभं राहून ‘तुकडे असमान आहेत’ असा शेरा मारला. पायाला भिंगरी लागलेला माणूस निदान कुठेतरी जातो. हे नुसते हॉल ते बाल्कनी आणि बाल्कनी ते हॉल. शेवटी बायको म्हणाली, “तुम्ही कुठेतरी जाऊन बसा, नाहीतर मी जाऊन बसते.” तेव्हा साहेब वाचनालयात जाऊ लागले होते.

तर गठ्ठा घेऊन ते घरी आले आणि जेवणाच्या टेबलाचं एक टोक त्यांनी ताब्यात घेतलं. निळं पेन उघडलं, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब वर्तमानपत्र मागायला आले. वकीलसाहेब स्वतःचं वर्तमानपत्र घेत नाहीत. फुकट वाचतात आणि त्याची परतफेड सल्ल्याने करतात.

“निळी शाई?” ते म्हणाले. “निळा एका पक्षाचा रंग आहे. उद्या कोणी बोट ठेवलं तर?”

“मग लाल?”

“दुसऱ्या पक्षाचा. हिरवा तिसऱ्याचा.”

“काळा तर कोणाचाच नाही.”

“काळा निषेधाचा. तुमचा निवडणुकीलाच विरोध आहे, असा अर्थ निघू शकतो.”

“पण माझा विरोध नाही.”

“आहे असं कुठे म्हटलं मी? अर्थ निघू शकतो म्हटलं.”

उरला जांभळा. आणि जांभळी शाई घरात होती, ती शिक्क्याच्या डबीत. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी साहेबांना त्यांचा जुना, झिजलेला जावक शिक्का काचेच्या पेटीत घालून भेट दिला होता. शाईसाठी डबी उघडली, डबी उघडली म्हणून शिक्का बाहेर काढला, आणि शिक्का हातात आल्यावर तो न मारता परत ठेवणं हे साहेबांच्या शक्तीबाहेरचं होतं. जित्याची खोड. शिक्क्याच्या खालच्या कडेला ‘पाणीपुरवठा’ ही अक्षरं अजून पुसट उमटत होती, पण एकतीस वर्षांच्या सवयीमुळे ती साहेबांना दिसतच नव्हती.

शेजारचा विमा एजंट पाकिटांबद्दल बोलला. “रंगीत पाकीट आलं की लोक लग्नपत्रिका समजून बाजूला ठेवतात. तपकिरी आलं की पोटात गोळा येतो आणि माणूस दारात उभ्या उभ्या फोडतो. बावीस वर्षांचा अनुभव सांगतो, काका.” साहेबांनी शंभर तपकिरी पाकिटं आणली. मजकूर पाहून वकीलसाहेबांनी शेवटचा हात फिरवला. त्यांचं म्हणणं, ज्या पत्रात ‘अन्यथा’ नाही ते पत्र कोणी वाचत नाही, आणि यादीत नाव आधी तपासून घ्या हेही सांगायला हवं. तीन दिवस खपून शंभर पत्रं तयार झाली. प्रत्येकावर जावक क्रमांक, प्रत्येकाची नोंदवहीत नोंद. मजकूर असा होता:

‘विषय: मतदान करणेबाबत. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आपले नाव मतदार यादीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपण येत्या बावीस तारखेस मतदान करावे. तत्पूर्वी ओळखपत्रासह समक्ष उपस्थित राहून नावाची खातरजमा करून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल.’

समक्ष म्हणजे कुठे, हे लिहायचं राहिलं. सगळ्या पत्रात पत्ता म्हणून एकच होता, वरच्या कोपऱ्यातला साहेबांच्या घराचा.

लेकीने यातलं एक पत्र उचलून वाचलं. लेक तेवीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते, त्यामुळे कुठलाही कागद डोळ्यांपासून नेमक्या अंतरावर धरते.

“बाबा, हे पत्र आहे की समन्स?”

“भाषा जरा कार्यालयीन आहे. पण स्पष्ट आहे.”

“मत का द्यायचं ते कुठे लिहिलंय यात?”

“मतदान करावे, असं लिहिलंय ना.”

“ते काय करायचं ते झालं. का ते कुठेय?” तिने पत्र खाली ठेवलं. “मी तर जाणारच नाहीये. बावीसला सुट्टी आहे, आम्ही मैत्रिणी तळ्यावर चाललोय.”

साहेब उठून उभे राहिले. “मतदान सोडून तळ्यावर?”

“बरं, तुम्ही का देता ते सांगा. पटलं तर जाईन.”

साहेबांनी विचार केला. पहिल्यांदा गेले तेव्हा कार्यालयाचं परिपत्रक आलं होतं म्हणून गेले. नंतर दरवेळी गेले, कारण आधीच्या वेळी गेले होते. “द्यायचं असतं,” ते म्हणाले.

“हेच,” लेक म्हणाली. “हेच मला पटत नाही.” आणि ती कामावर निघून गेली. साहेबांना वाईट वाटलं. शंभर परक्या मुलांना हुकूम सोडणारा माणूस घरातल्या एका मुलीपुढे निरुत्तर झाला, हे त्यांना फारच लागलं. त्या दिवशी हॉल ते बाल्कनी किती फेऱ्या झाल्या ते बायकोने मोजायचं सोडून दिलं.

टपाल कचेरीत वेगळंच वाढून ठेवलं होतं. साध्या खिडकीवरच्या कारकुनाने गठ्ठा उलटसुलट पाहिला. “हे कार्यालयीन टपाल आहे. पलीकडच्या खिडकीवर.” पलीकडच्या खिडकीने कार्यालयाचं अधिकारपत्र मागितलं. “कार्यालय नाही, मी एकटाच आहे,” साहेब म्हणाले. “मग हे खाजगी टपाल. साध्या खिडकीवर.” साध्या खिडकीचा कारकून एव्हाना जेवायला गेला होता. साहेबांनी आयुष्यभर किती माणसांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं असेल, त्याचा हिशेब एका दुपारी चुकता झाला. तेव्हा त्यांनी पाकिटांवर तिकिटं चिकटवली आणि गावातल्या नऊ लाल पेट्यांमध्ये दहा-बारा दहा-बारा अशी पत्रं टाकत, गुडघे धरत घरी आले. नोंदवहीत ‘रवाना’ असं लिहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना शांत झोप लागली. ती झोप रविवारपर्यंत टिकली.

रविवारी सकाळी साडेसात वाजता बेल वाजली. साहेब अर्ध्या गालाला साबण लावून आरशापुढे उभे होते. दारात एक मुलगी, तिच्यामागे तिची आई, आईच्या हातात प्रमाणपत्रांची फाईल. दोघी ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या.

“काका, माझ्यावर काही केस आहे का?” मुलीने विचारलं.

तिला आत बसवेपर्यंत जिन्यात पावलं वाजली. एक केस कापणारा तरुण आला, दुकानात गिऱ्हाइकाला अर्ध्यात सोडून. त्याच्यामागून एक नर्सिंग शिकणारी मुलगी. मग एक दांडगा मुलगा आजीला घेऊन आला, कारण आजीने शिक्क्यावरचं ‘पाणीपुरवठा’ वाचलं होतं आणि ‘अन्यथा’चा अर्थ लावला होता. “मत देईन म्हणतोय तो,” आजी म्हणाल्या, “पण पाणी नका तोडू.” एकजण मुलाखतीला म्हणून टाय लावून आला होता. दहा वाजता रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत गेली. साहेबांची बायको मुळात शिस्तीची. तिने दिनदर्शिकेच्या जुन्या पानांवर आकडे लिहून सगळ्यांना वाटले आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं. झोपलेल्या लेकीला उठवून टेबलाशी बसवलं. ती डोळे चोळत फोनवर एकेकाचं नाव यादीत शोधू लागली आणि कोणाचं मतदान केंद्र कुठे ते चिठ्ठीवर लिहून देऊ लागली. केस कापणाऱ्या तरुणाला साहेबांचा अर्धा गाल बघवेना. त्याने बसल्या बसल्या उरलेली दाढी करून टाकली.

“हे केलंत ते चांगलं केलंत, काका,” साबण पुसत तो म्हणाला. “मला आजपर्यंत नावानिशी असं पत्र कधीच आलं नव्हतं. घाबरलो ती गोष्ट वेगळी.”

साहेबांची छाती फुगली, पण फार वेळ फुगलेली राहिली नाही. नर्सिंगवाल्या मुलीने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि सहज विचारलं, “तुम्ही स्वतः का देता मत?” खोलीतले सगळे ऐकू लागले. लेकीनेही फोनमधून मान वर केली. साहेबांनी चहाचा ट्रे उचलून तिच्यापुढे धरला.

“चहा घ्या,” ते म्हणाले.

दुपारपर्यंत एक्केचाळीस जण येऊन गेले. एवढी तरुण मंडळी एका दारात उभी राहिली, तर निवडणुकीच्या दिवसांत ती कोणाच्या नजरेतून सुटणार? एका उमेदवाराची माणसं येऊन पाहून गेली, त्यांना वाटलं हा दुसऱ्याचा डाव आहे. मग दुसऱ्याची आली. दोघांनीही त्याच संध्याकाळी निवडणूक कार्यालयात साहेबांविरुद्ध तक्रार दिली. निःपक्षपातीपणाचा याहून भक्कम पुरावा मिळणं कठीण आहे, पण तक्रारीच्या अर्जात अशा पुराव्याला रकाना नसतो.

बुधवारी नोटीस आली. तपकिरी पाकीट, जावक क्रमांक, शिक्का, विषय, आणि शेवटी अन्यथा. साहेबांनी ती दारात उभ्या उभ्या फोडली. नोटीस आपल्याच नावाची होती, तरी समास सोडण्याची पद्धत त्यांना आवडल्यावाचून राहिली नाही. वकीलसाहेब मात्र त्या आठवड्यात वर्तमानपत्र मागायला खाली उतरले नाहीत.

शुक्रवारी निवडणूक कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी साहेबांना समोर बसवलं. बाई वयाने लहान, चेहऱ्याने थकलेल्या होत्या. टेबलावर साहेबांची पत्रं पडली होती.

“शासकीय शिक्का वापरून लोकांना नोटिसा पाठवल्यात. हे का केलंत? लेखी खुलासा द्या.”

साहेब बाहेरच्या बाकावर गेले, उठले, परत बसले आणि त्यांनी लिहिलं: ‘सदर कार्यवाही आवश्यक असल्याने करण्यात आली.’ बाईंनी वाचून कागद परत केला. “आवश्यक का?” साहेबांनी दुसरा कागद घेतला: ‘मतदान हे कर्तव्य असल्याने.’ तोही परत आला. “हे आमच्या फलकावर लिहिलेलंच आहे. तुम्हाला का वाटलं ते लिहा.”

तिसऱ्या कागदापुढे ते पाऊण तास बसले. पाय हलत होता, पेन हलत नव्हतं. आयुष्यात लाखभर कागद त्यांच्या हातून गेले होते, पण ‘तुम्हाला का वाटलं’ असं एकानेही विचारलं नव्हतं. तिथून उठून घरी जावं असंही वाटलं. मग घरी कोण आहे ते आठवलं, आणि ते लिहू लागले:

‘मी एकतीस वर्षं कागद बाहेर पाठवले. त्यातला एकही माझा नव्हता. मजकूर वरिष्ठांचा, सही वरिष्ठांची, चूक झाली तर तेवढी माझी. दर निवडणुकीला त्या पुठ्ठ्याच्या आडोशाआड मी एकटा असतो. तिथे मी जी खूण करतो ती कोणी तपासत नाही, दुरुस्त करून परत पाठवत नाही, तिची प्रत कोणाला जात नाही. मी स्वतः पाठवलेलं असं तेवढंच टपाल आहे. म्हणून मी जातो. हे मला आज या बाकावर कळलं.’

बाईंनी ते वाचलं, आणि या वेळी कागद परत केला नाही. मग म्हणाल्या, “हेच का नाही लिहिलं मुलांना?”

“सुचलं नाही.”

“मग आता लिहा. शंभरच्या शंभर जणांना, ती नोटीस नव्हती हे कळवा, आणि हे लिहा. क्रमांक न घालता. शिक्का इथे जमा करा.”

साहेबांनी खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. जमा केल्याची पोच मिळाली, ती त्यांनी घडी घालून ठेवली. रिकाम्या खिशाने घरी चालत येताना त्यांना निवृत्त झाल्यासारखं वाटलं. सात महिन्यांपूर्वी तसं वाटलं नव्हतं.

मतदानाला नऊ दिवस होते. चार दिवसांत त्यांनी शंभर पत्रं पुन्हा लिहिली, निळ्या पेनाने, आणि वकीलसाहेबांना काय वाटायचं ते वाटो. मनगट सुजलं. बायकोने त्याला फडकं बांधलं आणि पाकिटं बंद करायला बसली. मग साहेबांनी आणखी एक कागद घेतला. हे एकशे एकावं पत्र लेकीला होतं. ती शेजारच्या खोलीत होती, हाक मारली असती तर ओ दिली असती. पण समोर उभी राहिली की आपण पुन्हा ‘द्यायचं असतं’ असंच म्हणू, हे साहेब ओळखून होते. त्यांनी पत्ता स्वतःच्याच घराचा घातला, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.

इथून पुढे त्यांची जी उलघाल झाली तिला तोड नाही. एकतीस वर्षं त्यांनी कागद रवाना केले. ते पोचतात की नाही, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. पोचणं हा दुसऱ्या कोणाचा तरी विभाग. आता ते दिवसातून पाचदा खाली जाऊन इमारतीची टपालपेटी उघडत होते. पोस्टमनला त्यांनी इतक्यांदा गाठलं की तो मागच्या फाटकाने येऊ लागला. विसाव्या तारखेला पत्र नव्हतं. एकविसाव्या तारखेला साहेब पोस्टमनची वाट पाहत पुढच्या फाटकाशी उभे राहिले आणि तो मागून येऊन गेला. पेटी रिकामी होती. लेक संध्याकाळी पिशवी भरत होती, टोपी, पाण्याची बाटली. साहेबांनी दारात घुटमळून विचारलं, “काही टपाल वगैरे?”

“कसलं?” ती म्हणाली.

“नाही, असंच.”

बावीसला ते आठ वाजता बायकोबरोबर केंद्रावर गेले. लेकीच्या चपला पहाटेच कपाटातून गेलेल्या होत्या. रांगेत प्रमाणपत्रांच्या फाईलवाली मुलगी होती, या वेळी आईशिवाय. केस कापणाऱ्याने लांबून शाई लावलेलं बोट दाखवलं. दांडगा मुलगा आजीला खुर्चीत बसवून रांगेत उभा होता. साहेबांना आनंद झाला, खरंच झाला, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा फाटकाकडे जात होती. त्यांचा नंबर आला. पुठ्ठ्याच्या आडोशाआड त्यांनी खूण केली, मतपत्रिकेची घडी घातली, ती पेटीत टाकली आणि बाहेर आले. फाटकातून येणाऱ्यांत लेक नव्हती.

घरी येऊन त्यांनी चपला कपाटात ठेवल्या, काढल्या, परत ठेवल्या. बायको म्हणाली, “इथे येरझारा घालण्यापेक्षा खाली जाऊन या. तुमचं काहीतरी टपाल पडलंय पेटीत.”

“आज सुट्टी आहे. पोस्टमन कसा येईल?”

“मला काय विचारता? जाऊन बघा.”

पेटीत तपकिरी पाकीट होतं, विमा एजंटाच्या सल्ल्यातलं उरलेलं. साहेबांनी ते पेटीशीच उभ्या उभ्या फोडलं. आत जांभळ्या शाईने, नेमका समास सोडून लिहिलं होतं:

‘जावक क्र. १. विषय: मतदान करणेबाबत. संदर्भ: आपले जावक क्रमांक नसलेले पत्र. महोदय, संदर्भीय पत्र काल दुपारी मिळाले व दोनदा वाचण्यात आले. त्यास अनुसरून आज सकाळी केंद्र उघडताच, रांगेत तिसऱ्या क्रमांकावर उभे राहून कार्यवाही पूर्ण करण्यात आली आहे. सोबतच्या चार मैत्रिणींना आपले पत्र वाचून दाखवून त्यांनाही त्यांच्या त्यांच्या केंद्रावर नेण्यात आले. त्यामुळे तळ्यास जाण्यास पाऊण तास उशीर झाला, याची नोंद घ्यावी. मत कोणास दिले हे विचारू नये. प्रत माहितीस्तव: आई.’

खाली शिक्का होता. शिक्का कार्यालयात जमा, म्हणून तिने तो पेनाने काढला होता, गोल जरा वाकडा आला होता आणि खालच्या कडेला ‘पाणीपुरवठा’ हेही न विसरता लिहिलं होतं.

साहेब जिना चढून वर आले. “तुला ठाऊक होतं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“माझी प्रत मला सकाळीच फोनवर मिळाली,” ती म्हणाली.

साहेबांनी टेबलाशी बसून कोरी वही काढली. पहिल्या पानावर पट्टीने रकाने आखले आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आवक’. हा शब्द त्यांनी कुठल्याही वहीवर आधी लिहिला नव्हता. क्रमांकाच्या रकान्यात एक घातला. ‘कोणाकडून’ खाली लिहिलं, मुलगी. ‘केलेली कार्यवाही’ या रकान्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून तो कोरा ठेवला आणि पत्र पुन्हा वाचायला घेतलं. दुपार उलटली तरी हॉलमधून बाल्कनीत जाणारी पावलं ऐकू आली नाहीत, तेव्हा बायकोने दोनदा येऊन पाहिलं. ते तिथेच बसलेले होते.